‘स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या’ आणि व्हर्जिनियातलं धर्मस्वातंत्र्य: भाषणाच्या तयारीसाठी काही शंका

अर्धविराम (धागा सुरू करणारी)

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी एका विद्यार्थिनीचं आठ मिनिटांचं भाषण बसवायचं आहे. विषय आहे ‘शब्दांनी मिळवलेलं स्वातंत्र्य’. अमेरिकन क्रांतीच्या काळातलं व्हर्जिनिया घ्यायचं ठरलंय. मध्यभागी वक्ता पॅट्रिक हेन्री, शेवटी जेम्स मॅडिसन आणि थॉमस जेफरसन हे तिथलेच नेते, आणि दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे धर्मस्वातंत्र्य. परीक्षक खोदून विचारणारे आहेत, म्हणून आधीच शंका मिटवून घेते.

१. हेन्रीचं ‘स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या’ हे २३ मार्च १७७५ चं भाषण जालावर सगळीकडे शब्दशः मिळतं. तिथे कोणी लघुलेखक बसला होता का? ते हेन्रीचेच शब्द धरायचे का?

२. बाप्टिस्ट (अधिकृत चर्चबाहेरचा एक ख्रिस्ती पंथ) उपदेशकांना तुरुंगात टाकलं तेव्हा हेन्री ५० मैल घोडा दामटत कोर्टात हजर झाला आणि त्याने खटला उधळला, ही गोष्ट खरी आहे का?

३. धर्मस्वातंत्र्याचा कैवारी म्हणून हेन्रीचं नाव घेतात, आणि १७८४ मध्ये चर्चसाठी कर आणायला निघालेलाही तोच. हे कसं काय?

४. व्हर्जिनियाच्या १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात मॅडिसनने एक शब्द बदलला म्हणे. मराठीत मात्र आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही शब्दांना ‘धार्मिक सहिष्णुता’च लिहिलेलं सापडतं. मग बदललं काय?

टिपणवही

पहिल्या शंकेचं सांगतो. लघुलेखक नव्हता, हेन्रीच्या हातचं टिपणही नाही. आज जो मजकूर फिरतो तो विल्यम वर्टने लिहिलेल्या हेन्रीच्या चरित्रातला, आणि ते छापलं गेलं १८१७ मध्ये. म्हणजे भाषणानंतर ४२ वर्षांनी आणि हेन्री वारल्यानंतर (जून १७९९) १८ वर्षांनी. वर्टने ज्यांनी भाषण ऐकलं होतं अशांना पत्रं पाठवून आठवणी मागवल्या. त्यातली सगळ्यात भरीव आठवण सेंट जॉर्ज टकर या न्यायाधीशाची. बाकीचं शिवणकाम वर्टचं. खुद्द वर्टनेच १८१५ च्या एका पत्रात वैतागून लिहिलंय की १७६३ पासून १७८९ पर्यंतचं या माणसाचं एकही भाषण छापील, लेखी किंवा कोणाच्या स्मरणात जिवंत नाही. चरित्रकारच असं म्हणतोय म्हटल्यावर आपण ‘हेन्रीचे नेमके शब्द’ असं म्हणण्याचं धाडस करू नये.

पण म्हणून सगळं बनावट ठरवायचं का? तसंही नाही. तीन गोष्टी पक्क्या आहेत. एक, भाषण झालं. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींची दुसरी परिषद रिचमंडला टेकडीवरच्या चर्चमध्ये भरली होती. राजधानी विल्यम्सबर्ग, पण तिथे गव्हर्नर डनमोर होता, म्हणून जागा बदलली, आणि रिचमंडमध्ये एवढी माणसं मावतील अशी दुसरी इमारत नव्हती. ठराव होता वसाहतीने स्वतःचं सैन्य उभारून संरक्षणाच्या तयारीला लागावं असा, आणि तो मंजूर झाला. दोन, भाषण जहाल होतं याला त्याच वेळचा पुरावा आहे. नॉरफोकच्या जेम्स पार्कर नावाच्या राजनिष्ठ व्यापाऱ्याने ६ एप्रिल १७७५ च्या पत्रात चिडून लिहिलं, की हेन्री राजाला जुलमी, मूर्ख आणि मंत्र्यांच्या हातातलं बाहुलं म्हणाला. गंमत बघा, वर्टच्या मजकुरात राजाला दिलेल्या या शिव्या नाहीतच! म्हणजे खरं भाषण बहुधा छापील भाषणापेक्षा जास्त तिखट होतं. तीन, त्याच वर्षी व्हर्जिनियातल्याच कल्पेपरच्या स्वयंसैनिकांनी ‘लिबर्टी ऑर डेथ’ ही अक्षरं आपल्या शिकारी सदऱ्यांवर लावली होती. शेवटचं वाक्य त्या दिवशी बोललं गेलं असेल असं मानायला हा चांगला आधार आहे. मात्र ‘स्वातंत्र्य किंवा मरण’ ही जोडी तेव्हा लोकांच्या कानावरची होती. अ‍ॅडिसनचं ‘केटो’ हे १७१३ चं नाटक वसाहतींमध्ये फार चालायचं आणि त्यात या कल्पनेची वाक्यं आहेत.

तेव्हा विद्यार्थिनीने असं म्हणावं: ‘विल्यम वर्टने ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरून जुळवलेल्या मजकुरात हेन्री म्हणतो…’ सात-आठ शब्दांचा खर्च आहे, पण परीक्षकाच्या हातातला पहिला दगड तिथेच काढून घेतला जातो.

आता तुमच्या विषयाच्या दृष्टीने जास्त कामाची गोष्ट. हे राजकीय भाषण ऐकायला प्रवचनासारखं आहे. ओळीओळीत बायबल आहे, आणि ते नाव न घेता. ‘डोळे असून न पाहणारे, कान असून न ऐकणारे’ हे यिर्मया आणि यहेज्केल यांच्याकडचं. ‘माझ्या पावलांना वाट दाखवणारा एकच दिवा, अनुभवाचा’ यात स्तोत्रसंहिता ११९ आहे. तिथे दिवा देवाच्या वचनाचा असतो, इथे त्याजागी अनुभव बसवलाय. ‘चुंबन घेऊन दगा होऊ देऊ नका’ म्हणजे लूकमधला यहूदा. ‘शांती शांती म्हणतात, पण शांती नाहीच’ पुन्हा यिर्मया. ‘लढाई फक्त बलवानांची नसते’ उपदेशक ९:११. ‘आपण इथे रिकामे का उभे?’ मत्तय २०, द्राक्षमळ्याचे मजूर. त्या बाकांवर बसलेल्या माणसांना संदर्भ सांगावा लागत नव्हता. आपल्याकडे कोणी सभेत ‘बुडती हे जन’ एवढंच म्हटलं तर पुढचं ‘देखवेना डोळां’ श्रोते मनातल्या मनात पूर्ण करतात, तसं.

मराठी करताना इथेच घोटाळा होतो. भाषांतरकार सरळ अर्थ देतात आणि बायबलचा पडसाद पुसला जातो. मराठी बायबल शेजारी ठेवून त्यातलीच शब्दकळा वापरा. ‘पावलांकरिता दिवा’ हा शब्दप्रयोग तिथे तयार मिळेल.

जुनी_कात्रणं

टिपणवहींनी प्रवचनाचा उल्लेख केला, त्याचं मूळ सांगायला हवं. हेन्रीचे वडील अँग्लिकन, म्हणजे अधिकृत चर्च ऑफ इंग्लंडचे, काकाही (त्याचंही नाव पॅट्रिक हेन्रीच) अँग्लिकन पाद्री. पण आई सारा ही सॅम्युएल डेव्हिस या प्रेस्बिटेरियन (हाही अधिकृत चर्चबाहेरचा पंथ) उपदेशकाच्या सभांना जायची आणि मुलाला बरोबर न्यायची. परतीच्या वाटेवर त्याने उपदेशाचं सूत्रवचन आणि सारांश म्हणून दाखवायचा. हॅनोवर काउंटीत (जिल्ह्यात) डेव्हिस १७५९ पर्यंत होता. मी ऐकलेला सर्वांत मोठा वक्ता तोच, असं हेन्री पुढे म्हणत असे. म्हणजे त्याच्या वक्तृत्वाची शाळा अधिकृत चर्चच्या बाहेरची होती. तिथे कागद पाहून वाचत नसत, आवाज चढत-उतरत जायचा, आणि शेतकरी-कारागिरांना कळेल अशी भाषा असायची.

तुमच्या भाषणाची सुरुवात १७७५ पासून करू नका. १७६३ पासून करा. धर्म, पैसा आणि वक्तृत्व यांची पहिली गाठ ‘पार्सन्स कॉज’ म्हणजे पाद्र्यांच्या पगाराच्या खटल्यात पडली. हिशेब असा:

व्हर्जिनियात चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारी चर्च. पाद्र्याचा वार्षिक पगार कायद्याने १६,००० पौंड तंबाखू. इथे पौंड वजनाचा, पैशाचा नव्हे. यात विद्यार्थी हमखास गडबडतात. हा पगार पॅरिशमधल्या (त्या चर्चच्या हद्दीतल्या) सगळ्यांवर पट्टी बसवून काढायचा, मग देणारा बाप्टिस्ट असो की प्रेस्बिटेरियन. १७५८ मध्ये पीक बसलं आणि तंबाखूचा भाव पौंडाला सहा पेन्सपर्यंत चढला. वसाहतीच्या विधिमंडळाने एका वर्षापुरता कायदा केला, की तंबाखूत द्यायचं कुठलंही देणं दोन पेन्स दराने रोखीत फेडता येईल. २४० पेन्सचा एक पौंड स्टर्लिंग. दोन पेन्सने १६,००० चे होतात १३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स, आणि सहा पेन्सने ४०० पौंड. फरक २६७ पौंडांच्या आसपास. भाव पडलेल्या वर्षी कोणी पाद्र्याला भरपाई देत नव्हतं, मग चढलेल्या वर्षी त्याचा फायदा का काढून घ्यायचा, हा पाद्र्यांचा सवाल. (निव्वळ हिशेब म्हणून पाहिला तर तो चुकीचा नव्हता.) त्यांनी लंडनला धाव घेतली आणि १७५९ मध्ये राजाने तो कायदा नामंजूर केला.

मग जेम्स मॉरी या पाद्र्याने हॅनोवरच्या कोर्टात दावा लावला. नोव्हेंबर १७६३ मध्ये कोर्टाने कायदा रद्दबातल धरला, म्हणजे मॉरी जिंकलाच होता. उरलं होतं नुकसानभरपाई किती ते ठरवणं. १ डिसेंबरला बचावाकडून २७ वर्षांचा हेन्री उभा राहिला. न्यायासनावर अध्यक्ष त्याचेच वडील. भरपाईच्या आकड्यावर तो जवळजवळ बोललाच नाही. म्हणाला, राजा आणि प्रजा यांच्यात करार असतो. लोकहिताचा कायदा नामंजूर करणारा राजा प्रजेचा पिता न राहता जुलमी होतो आणि आज्ञापालनावरचा हक्क गमावतो. आणि पाद्र्यांचं काम लोकांना कायदा पाळायला शिकवणं. तेच जर कायदा मोडायला निघाले तर त्यांना भरपाई नाही, शिक्षा व्हायला हवी. ‘राजद्रोह!’ अशी कुजबुज झाली. ज्यूरी पाच मिनिटांच्या आत परतली. भरपाई: एक पेनी.

हे सगळं कुठून कळतं? मॉरीने १२ डिसेंबर १७६३ रोजी, म्हणजे अकराव्या दिवशी, आपल्या सहकारी पाद्र्याला लिहिलेल्या पत्रातून. हरलेल्या पक्षाचं आहे, पण ताजं आहे, म्हणून १७७५ च्या मजकुरापेक्षा हा पुरावा वजनदार. त्यातच मॉरीने दोन चावरे तपशील दिलेत. ज्यूरीत तीन-चारजण अधिकृत चर्च न मानणारे ‘न्यू लाइट’ होते, अशी त्याची तक्रार आहे. आणि कोर्ट उठल्यावर हेन्रीने त्याची माफी मागितली. म्हणाला, खटला घेण्यामागे आणि हे सगळं बोलण्यामागे हेतू एकच, लोकप्रिय व्हायचं होतं.

हे दुसरं वाक्य भाषणात जरूर घ्या. वक्त्याचं असं माप दुसरीकडे मिळणार नाही.

अर्धविराम

एक पेनी! हे सुरुवातीलाच घेते. म्हणजे १७६५ च्या मुद्रांक कराच्या वेळचं ‘हा राजद्रोह असेल तर खुशाल समजा’ हेसुद्धा वर्टच्याच कृपेने का?

टिपणवही

हो, आणि तिथे अवस्था जास्त बिकट. एका फ्रेंच प्रवाशाने ३० मे १७६५ रोजी दारात उभं राहून ते भाषण ऐकलं आणि रोजनिशीत टिपलं. ती रोजनिशी छापली गेली १९२१ मध्ये. त्यात सभापतीने राजद्रोह म्हणून टोकल्यावर हेन्री सभागृहाची माफी मागायला तयार आहे म्हणतो आणि रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत राजनिष्ठ असल्याचं सांगतो. ते तेजस्वी वाक्य नाही. आठ मिनिटांत हा प्रसंग नकोच, वगळा.

हेन्रीचं खरोखर टिपलेलं बोलणं हवं असेल तर जून १७८८ च्या व्हर्जिनिया परिषदेकडे जा. राज्यघटना मंजूर करावी की नाही यावर तिथे वाद झाला, आणि डेव्हिड रॉबर्टसन नावाच्या लघुलेखकाने तो उतरवून घेतला. त्यातही गाळलेल्या जागा आहेत, पण निदान पेन्सिल खोलीत होती. ‘आम्ही जनता’ म्हणायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, ‘आम्ही राज्यं’ का नाही, हा हेन्रीचा सवाल तिथला. मत ८९ विरुद्ध ७९ पडलं, हेन्री हरला.

चिंचेचं_झाड

दुसऱ्या शंकेवर. ५० मैलांची घोडदौड वापरू नका. ती एकोणिसाव्या शतकातल्या लेखनात फुललेली कथा आहे, तिला त्या वेळच्या कोर्टाच्या कागदांचा आधार नाही. बाप्टिस्टांच्या बाजूने हेन्री होता, हे खरं. पण ‘देवाच्या पुत्राची सुवार्ता सांगण्याचा गुन्हा?’ असं तीनदा म्हणत आरोपपत्र डोक्यावर फिरवणारा हेन्री नाटकातला.

खरी घटना त्याहून बोलकी आहे, आणि तिच्यातली यंत्रणा समजून घेतली तर पुढचा सगळा झगडा कळतो.

इंग्लंडचा १६८९ चा टॉलरेशन कायदा असा होता, की अधिकृत चर्च सोडून प्रार्थना करायची तर करा, पण परवाना काढा. प्रवचनकार कोण, सभागृह कुठलं, सगळं नोंदवलेलं. व्हर्जिनियात यासाठी राजधानीच्या कोर्टाचे उंबरे झिजवायचे. डेव्हिसने असे परवाने काढले होते. ‘सेपरेट’ बाप्टिस्टांनी मात्र परवाना मागायलाच नकार दिला. बोलावणं देवाचं, मग सरकारच्या शिक्क्याचा संबंध काय? शिवाय ते एका सभागृहात बसणारे नव्हते; झाडाखाली, कोठारात, रस्त्यात, जिथे चार माणसं दिसतील तिथे उपदेश.

४ जून १७६८ ला स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीत जॉन वॉलर, लुईस क्रेग आणि त्यांच्या साथीदारांना पकडलं. आरोप धर्माचा नव्हता, हे लक्षात घ्या. आरोप शांतताभंगाचा. बाप्टिस्टांच्या जुन्या इतिहासात सरकारी वकिलाच्या तोंडी असं वाक्य आहे, की रस्त्यात माणूस भेटला की हे त्याच्या घशात बायबलचं वचन कोंबल्याशिवाय राहत नाहीत. कोर्टाने सुटकेची अट घातली: एक वर्ष आणि एक दिवस या काउंटीत उपदेश करणार नाही असं लिहून द्या. त्यांनी दिलं नाही. फ्रेडरिक्सबर्गच्या तुरुंगात ४३ दिवस काढले आणि गजांच्या खिडकीतून उपदेश चालू ठेवला. दरम्यान हंगामी गव्हर्नर जॉन ब्लेअरने सरकारी वकिलाला पत्र लिहून या लोकांना त्रास देऊ नका असं कळवलं.

म्हणजे पळवाट कशी होती बघा: श्रद्धेबद्दल शिक्षा नाही, फक्त ‘शांततेसाठी’ जामीन मागायचा. जामीन न देणारा आपोआप आत. कल्पेपरच्या तुरुंगात जेम्स आयर्लंड असाच अडकला होता. जानेवारी १७७४ मध्ये २२ वर्षांच्या मॅडिसनने मित्राला संतापून लिहिलं, की शेजारच्या काउंटीत पाच-सहा भली माणसं आपली धर्ममतं छापल्या-सांगितल्याबद्दल कोंडलेली आहेत. स्वतः मॅडिसन अँग्लिकन घरातला, बाप्टिस्टांचं धर्ममत त्याला पटायचं असंही नाही. त्याचा राग त्या ‘नरकात गर्भ धरलेल्या’ छळाच्या तत्त्वावर होता; हे विशेषण त्याचंच.

त्यामुळे शंका चारचं उत्तर इथेच आहे. जाहीरनाम्याच्या जॉर्ज मेसनने लिहिलेल्या मसुद्यात होतं, धर्माचरणात सर्वांना ‘पूर्णतम टॉलरेशन’ असावं. मॅडिसनने सुचवलं, सर्व माणसं धर्माच्या मुक्त आचरणाला ‘सारखीच हक्कदार’ आहेत. १२ जून १७७६ ला मंजूर झालेल्या कलम १६ मध्ये हेच शब्द आहेत. मराठीत ‘सहिष्णुता’ म्हटलं की सद्गुण वाटतो, म्हणून फरक कळत नाही. मेसनच्या शब्दासाठी ‘मुभा’ वापरा. मुभा देणारा वर बसलेला असतो आणि मनात आलं की काढून घेतो. मॅडिसनच्या शब्दासाठी ‘हक्क’. ‘मुभा नको, हक्क’ एवढं म्हटलं तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल.

मात्र त्या कलमाचा शेवट लपवू नका. तिथे पुढे सगळ्यांनी एकमेकांशी ‘ख्रिस्ती’ क्षमाशीलतेने आणि प्रेमाने वागावं असंही लिहिलंय. आणि मॅडिसनचा पहिला मसुदा, ज्यात धर्माच्या कारणावरून कोणालाही विशेष लाभ मिळू नयेत असं होतं, तो टिकला नाही. कारण त्याने अधिकृत चर्चचा पगारच बंद झाला असता.

जुनी_कात्रणं

शंका तीन. खरा सामना हाच, आणि यात हेन्री दुसऱ्या बाजूला आहे.

क्रांतीच्या धामधुमीत पाद्र्यांचे सरकारी पगार १७७६ अखेरीस थांबवले आणि १७७९ मध्ये कायमचे बंद केले. युद्ध संपल्यावर अनेकांना वाटू लागलं की चर्च ओस पडली, नीती ढासळली. १७८४ मध्ये हेन्रीने सर्वसाधारण धर्मकराचा प्रस्ताव लावून धरला. तो जुन्या करासारखा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. करदात्याने आपला पैसा कुठल्या ख्रिस्ती पंथाला जावा ते सांगायचं. सांगितलं नाही तर तो शिक्षणसंस्थांसाठी ठेवायचा. क्वेकर आणि मेनोनाइट या पंथांत पगारी पाद्रीच नसतात, म्हणून त्यांना वेगळी सोय. गोळा करणार शेरीफ. जॉर्ज वॉशिंग्टनलाही यात तत्त्वतः वावगं वाटत नव्हतं, फक्त वाद इतका पेटलाय तर विधेयक गुपचूप मेलेलं बरं असं त्याचं मत. आणि १७७६ मध्ये अँग्लिकन मक्तेदारीविरुद्ध लढलेले काही प्रेस्बिटेरियन पाद्रीही या कराकडे झुकले होते. मॅडिसनने जेम्स मन्रोला त्यांच्याबद्दल लिहिलं, ज्या व्यवस्थेने बाहेर ठेवलं ती पाडायला जितके उत्सुक होते, तितकेच आत घेणारी उभारायला तयार आहेत.

११ नोव्हेंबर १७८४: कराच्या तत्त्वाला ४७ विरुद्ध ३२ मतांनी मान्यता. सभागृहात हेन्रीच्या तोंडाला तोंड देणारा कोणी नव्हता. मॅडिसनचा आवाज इतका बारीक की लघुलेखकांनाही ऐकू येत नसे. पॅरिसहून जेफरसन मॅडिसनला लिहितो (८ डिसेंबर १७८४, विषय राज्याच्या नव्या घटनेचा), की हेन्रीपुढे आता एकच उपाय, त्याच्या मरणासाठी मनोभावे प्रार्थना करणं!

प्रार्थनेची गरज पडली नाही. १७ नोव्हेंबरला हेन्री गव्हर्नर म्हणून निवडला गेला. पद मोठं, पण विधिमंडळातली जागा गेली आणि तिथला आवाजही. २४ डिसेंबरला ४५ विरुद्ध ३८ मतांनी विधेयकाचं अंतिम वाचन पुढच्या वर्षावर ढकललं आणि विधेयक छापून लोकांत वाटायचं ठरलं.

ते जवळजवळ वर्ष मॅडिसनच्या बाजूने गेलं. जून १७८५ मध्ये त्याने १५ मुद्द्यांचं निवेदन लिहिलं, स्वतःचं नाव न घालता. मेसनने ते छापून घेतलं, प्रती काउंटीकाउंटीत फिरल्या, खाली सह्या. यातला तिसरा मुद्दा तुमच्या विद्यार्थिनीने तोंडपाठ करावा. आशय असा: जी सत्ता एखाद्या धर्मसंस्थेसाठी माझ्याकडून फक्त तीन पेन्स सक्तीने घेऊ शकते, तीच सत्ता मला दुसऱ्या कुठल्याही धर्मसंस्थेपुढे ‘सर्व बाबतींत’ वाकवू शकते. हे ‘सर्व बाबतींत’ सहज पडलेलं नाही. १७६६ च्या कायद्यात ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींना ‘सर्व बाबतींत’ बांधण्याचा हक्क सांगितला होता, तेच शब्द मॅडिसनने उचलून आपल्याच विधिमंडळाच्या तोंडावर फेकले. आणि तीन पेन्स म्हटलं की वाचणाऱ्याला पौंडाला तीन पेन्सचा चहावरचा कर आठवायचाच.

आकडे: मॅडिसनच्या निवेदनाच्या १३ प्रती सह्यांसह आल्या, १,५५२ सह्या. पण दुसरं एक निवेदन फिरत होतं, ज्याचा रोख असा की हा कर सुवार्तेच्या आत्म्याशीच विसंगत आहे. येशूच्या धर्माला शेरीफचा टेकू कशाला? त्यावर ४,८९९ सह्या. एकूण विरोधातल्या सह्या ११,००० च्या घरात. म्हणजे ‘प्रबोधनवादी विचारवंतांनी धर्म बाजूला सारला’ हे आपल्याकडच्या लेखांतलं चित्र अर्धवट आहे. कर पाडला तो बहुतांशी कट्टर धार्मिक माणसांनी, त्यातले काही सतरा वर्षांपूर्वी तुरुंगाच्या खिडकीबाहेर उभं राहून उपदेश ऐकणारेही असतील.

विधेयक मेलं. त्याच लाटेवर मॅडिसनने जेफरसनचा १७७७ मध्ये लिहिलेला आणि १७७९ पासून पडून असलेला धर्मस्वातंत्र्याचा मसुदा बाहेर काढला. तो १६ जानेवारी १७८६ ला कायदा झाला. कोणालाही उपासनेला जाण्याची किंवा उपासनेसाठी पैसे देण्याची सक्ती नाही, आणि धर्ममतामुळे नागरी हक्क कमी-जास्त होणार नाहीत.

पिंपळपान

वर सगळं आलंच आहे, दोन भर.

जेफरसनच्या कायद्याच्या प्रास्ताविकात ‘येशू ख्रिस्त’ हे नाव घालायची दुरुस्ती आली होती, ती मोठ्या बहुमताने पडली. जेफरसनने १८२१ च्या आत्मचरित्रात त्यावरून लिहिलं, की या कायद्याच्या छत्राखाली ज्यू आणि इतर, ख्रिस्ती आणि मुसलमान, हिंदू आणि कुठल्याही पंथाचा नास्तिक, सगळे यावेत हा हेतू त्यातून सिद्ध झाला. ‘हिंदू’ शब्द स्पष्ट आहे. मराठी श्रोत्यांसमोर हे वाक्य आपोआप उठेल. फार ताणू नका, तेव्हा व्हर्जिनियात हिंदू वस्ती नव्हती, तो तत्त्वाची व्याप्ती दाखवत होता.

आपल्या राज्यघटनेचं कलम २७ परीक्षक काढतीलच. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखलेला कर भरायची सक्ती नाही, असं ते कलम. तुलना करा, पण ‘तिथून उचललं’ असं म्हणू नका.

आणि एक प्रश्न नक्की येणार: ‘साखळ्या आणि गुलामगिरी’ म्हणून गरजणाऱ्या हेन्रीकडे स्वतःचे गुलाम होते, त्याचं काय? उत्तर त्याच्याच पत्रात आहे. जानेवारी १७७३ मध्ये रॉबर्ट प्लेझंट्स या क्वेकरला तो लिहितो, की गुलामांशिवाय इथे राहणं गैरसोयीचं म्हणून मी ओढला जातोय. याचं समर्थन करणार नाही, करू शकत नाही. बचाव करायला जाऊ नका. पत्र उद्धृत करा आणि थांबा.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार. आता क्रम असा धरते: एक पेनी, तुरुंगाची खिडकी, ‘मुभा नको, हक्क’, रिचमंडचं चर्च, मग तीन पेन्स आणि सह्या. विषयच थोडा उलटतोय: शब्दांनी मिळालं खरं, पण गरजलेल्या शब्दांनी नाही. चालेल ना? आणि १७८४ च्या विधेयकाचं नाव ‘ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांसाठी तरतूद’ असं लिहिलंय मी.

चिंचेचं_झाड

उलटलेलाच चांगला. फक्त रिचमंड दीड मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका. आठ मिनिटांत साडेआठशे ते नऊशे शब्द बसतात. ते भाषण इतकं गाजलेलं आहे की मुलगी त्यातच रमेल आणि सह्यांपर्यंत पोहोचताना घंटा वाजेल.

नावात ‘शिक्षक’ नको. मूळ शब्द ‘टीचर्स’च आहे, पण त्या काळच्या कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ पाद्री, धर्मोपदेशक. ‘शिक्षक’ म्हटलंत तर परीक्षकांना वाटेल शाळामास्तरांच्या पगाराचं विधेयक होतं, आणि मग ते मॅडिसन का पाडतोय हेच कोणाला कळणार नाही. ‘ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या निर्वाहासाठी तरतूद’ असं करा.